आजची पाणीपातळी

बिल्डरच्या रंगीत पत्रकात आमच्या कॉलनीसमोर निळंशार पाणी होतं, पाण्यात शिडाची नाव होती आणि नावेत हॅट घातलेला एक गृहस्थ गळ टाकून बसला होता. बुलढाण्यात शिडाची नाव कोणी पाहिलेली नाही. पण ही पत्रकं वाटली गेली घाटाखाली, आणि तीही मे महिन्यात. मलकापूर, नांदुरा, खामगाव, जळगाव जामोदकडची माणसं त्या दिवसांत पार भाजून निघालेली असतात. राजूर घाट चढून वर आल्यावर वाऱ्याची पहिली झुळूक लागली की ती काहीही विकत घेतात. इथे निदान प्लॉट होता. मीही त्याच झुळुकेतला.

पाणी अगदीच खोटं नव्हतं, फक्त ते भाद्रपदातलं होतं. पत्रकातला ‘लेक’ म्हणजे १९७२ च्या दुष्काळात बांधलेला पाझर तलाव. त्या साली महाराष्ट्रभर लोकांनी लाल मिलो आणि सुकडी खाऊन खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या. त्यातून जे रस्ते, बंधारे आणि तलाव उभे राहिले, त्यांतला हा एक. पाझर तलावाचं कामच मुळी पाणी धरून ठेवण्याचं नसतं. ते मुरमात आणि काळ्या खडकाच्या भेगांत जिरावं, खालच्या अंगाच्या विहिरींना लागावं, एवढ्यासाठी तो बांधतात. पगार झाल्याबरोबर भावकीत वाटून मोकळा होणाऱ्या माणसासारखा त्याचा स्वभाव. पोळ्याला काठोकाठ, दिवाळीत पाऊण, संक्रांतीला अर्धा, महाशिवरात्रीला डबकं आणि होळीला पोरांचं क्रिकेटचं मैदान. आमच्या एका सभासदाने पहिल्याच उन्हाळ्यात बिल्डरला लेखी तक्रार केली होती की तलाव लीक आहे, दुरुस्त करून द्यावा.

त्यात आमच्याकडे दोन सभासद असे, की त्यांच्यासमोर या तळ्याचं नाव काढायची सोय नाही. एक मूळचे लोणारचे. त्यांचं सरोवर आकाशातून उल्का पडून झालेलं. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं, जगभरच्या पेपरांत फोटो आले, आणि त्याच वर्षी त्याला रामसर दर्जा मिळाला. पाणी आटून क्षार वाढले आणि खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग धरला, हे ते इतक्या आपलेपणाने सांगतात, की जंतू त्यांच्याच भावकीतले वाटावेत. “तुमच्या तळ्याचा कधी रंग बदलला का?” असं त्यांनी विचारल्यावर मी एकदाच तोंड उघडलं होतं. बदलला होता, पण तो गणपतींमुळे. दुसरे गुरुजी सिंदखेड राजाचे. त्यांच्याकडे मोती तलाव. जिजाऊंच्या माहेरच्या तलावापुढे आमच्या मुरमाच्या पाळीने काय बोलावं?

अशा या काठावर आमची प्लॉटधारकांची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. सहकारातून घरं ही आपल्याकडे जुनी गोष्ट. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ मध्ये अशी संस्था काढली, ती देशातली पहिली मानतात. तिथे सचिव व्हायला माणसं पुढे आली असणार. आमच्याकडे मी चहा सांगायला गेलो होतो.

झालं असं की वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि सप्टेंबर संपत आला होता. उपविधीप्रमाणे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जो आकडा लहान असेल तेवढी डोकी जमली तर सभा होते. न जमली तर ती तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नाही. म्हणून प्रत्येक नोटिशीच्या तळाशी आधीच छापून ठेवतात: गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने होईल. सहकार कायद्याला माणसाच्या स्वभावाची इतकी खोल जाण आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आमचे सभासद त्याच्याही पुढचे. ते अर्ध्या तासानेही येत नाहीत. मी चहा सांगून परतलो तेव्हा सचिव झालो होतो. अध्यक्ष, खजिनदार आणि ग्लास न्यायला आलेला हॉटेलातला पोरगा, तिघांनी टाळ्या वाजवल्या. मग स्टॅम्प पेपरवर एम-२० बंधपत्र लिहून दिलं, की समितीच्या निर्णयांना मी जबाबदार आहे. “लग्नात एवढं लेखी दिलं नव्हतं तुम्ही,” असं घरून ऐकावं लागलं.

माझी पात्रता दोनच गोष्टींची. अक्षर चांगलं, आणि सगळी नोकरी एका कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर झालेली. पत्र आलं की मी क्रमांक टाकायचो, पत्र गेलं की क्रमांक टाकायचो. आत काय लिहिलंय ते वाचायचा मोह मी कधी होऊ दिला नाही. त्यामुळे माहिती पोचवण्याच्या कामात आपला हात कोणी धरणार नाही अशी माझी ठाम समजूत होती.

पहिला प्रयोग काचेच्या फळ्याचा. गेटजवळ काच आणि कुलूप असलेला फळा होता, पण किल्ली आधीच्या सचिवांबरोबर पुण्याला मुलाकडे गेलेली. आत एक जुनी नोटीस अडकून बसली होती: ‘उद्या टाकी धुणार असल्याने पाणी येणार नाही.’ नवीन सभासद रोज संध्याकाळी ती वाचायचे आणि बादल्या भरून ठेवायचे. काच फोडायला ठराव लागतो, ठरावाला सभा लागते आणि सभा फळ्यावर लावावी लागते.

मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तिथे माझी मेंटेनन्सची नोटीस गुलाबाच्या फुलांखाली, गुरुवारी गजानन महाराजांच्या फोटोंखाली आणि कोणाच्या तरी भाच्याच्या बारावीच्या निकालाखाली गाडली जायची. मी सेटिंग बदलून फक्त सचिवालाच लिहिता येईल असं केलं. संध्याकाळपर्यंत ‘खरी माहिती’ नावाचा दुसरा ग्रुप निघाला. त्यात मी सोडून सगळे होते. सौ. सुद्धा.

आता लोक काय वाचतात याचा मी अभ्यास केला. पावसाळ्यात आमच्याकडे पेपर आला की एकच बातमी आधी शोधतात: येळगाव धरण. पैनगंगेवरच्या या धरणावर शहराचं पाणी. किती टक्के भरलं, सांडव्यावरून कधी वाहिलं, आपोआप उघडणारे दरवाजे उघडले का, हे माणसं मुलाच्या मार्कांसारखं तोंडपाठ म्हणतात. मला वाटलं, आपल्या तलावाचीही रोजची पातळी लावली तर? आणि यात नुसती हौस नव्हती. पाझर तलावाचा खरा वैरी गाळ. तो तळाला बसला की भेगा बुजतात आणि पाणी मुरायचं थांबतं. २०१८ च्या सुजलाम सुफलाम मोहिमेत आपल्या जिल्ह्यात तलावातलाव पोकलेनने उपसले ते याचसाठी. महामार्गाला लागणारा मुरूम तलावातूनच घ्यायचा, म्हणजे रस्ता वर येतो आणि तलाव खोल जातो, हा ‘बुलढाणा पॅटर्न’ तर दिल्लीपर्यंत गाजला. तेव्हा रोजची पातळी लिहून ठेवली तर पाणी मुरतंय की नुसतं साचलंय ते कळलं असतं. कॉलनीतल्या बोअरची चिंता त्यावर होती. अध्यक्ष म्हणाले, “करा.” त्यांना घरी जायचं होतं.

सांडव्याच्या दगडी भिंतीवर मी ऑइल पेंटने सेंटीमीटरची पट्टी रंगवली. मापाला सौ.ची शिलाईची टेप घेतली. तिच्या एका बाजूला इंच असतात हे लक्षात आलं तेव्हा निम्मी पट्टी रंगवून झाली होती. मग पुढची निम्मी सेंटीमीटरने केली, सरासरी निघेल या हिशोबाने. काचेचा फळा तसाच सोडून गेटच्या भिंतीवर काळा चौकोन रंगवून घेतला आणि खडूने, माझ्या वळणदार अक्षरात, लिहिलं: ‘आजची पाणीपातळी’. खाली आकडा.

आठवडाभर कोणी ढुंकून पाहिलं नाही. नंतर एक-दोघं थांबायला लागले. मग दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला. दिवाळीनंतर तर पलीकडच्या वस्तीतून मोटारसायकली यायच्या. माणसं आकडा बघायची, मान हलवायची, फोन लावायची आणि जायची. मला उशीर झाला तर गेटशी पाच-दहा जण ताटकळलेले. “साहेब, आज आकडा उशिरा लागला बाप्पा,” एक जण म्हणाला. “काहून, तब्येत बरी हाय ना?” नोकरीत असताना माझ्या एकाही पत्राची अशी वाट कोणी पाहिली नव्हती. आकड्याखाली मी मुद्दाम ‘मेंटेनन्स वेळेवर भरा’ असंही लिहू लागलो. ते कोणी वाचलं नाही, पण वाचण्याजोग्या अंतरावर रोज इतकी माणसं उभी राहतात हेही काही कमी नव्हतं. घरी मी जलसाक्षरता हा शब्द वारंवार वापरू लागलो. एका लेखाचा मसुदाही केला होता.

आता वाचनाबद्दल. तळ्याकाठी बाभळी आहेत, त्यांचे काटे चपलेतून आरपार येतात. म्हणून मी जरा लांबूनच पट्टी वाचायचो. गुडघा दुखला तर गच्चीवरून, नातवाच्या खेळण्यातल्या दुर्बिणीतून. धुकं असलं तर कालच्या आकड्यातून काहीतरी वजा करायचो. आणि फारच थंडी असली तर पांघरुणातूनच. आवक-जावकला मी एक तत्त्व शिकलोय: रकाना मोकळा ठेवायचा नाही. चुकीच्या आकड्याची चौकशी कधीतरी होते, मोकळ्या रकान्याची लगेच होते.

गौप्यस्फोट दूधवाल्याने केला. सौ. दूध घेत असताना त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, “काकू, साहेब आज चष्मा लावून गेलते का बिगर चष्म्याचे?”

तिने त्याला आत बोलावून चहा पाजला आणि सगळं काढून घेतलं. आकड्यावर पैसे लागत होते. आकड्यातला शेवटचा अंक कोणता येणार यावर एक डाव, आणि पाणी चढणार की उतरणार यावर दुसरा. आता खरं पाहिलं तर यात जुगार कसला? पावसाळा सरला की तळं रोज साधारण सारखंच उतरतं. शाळेतलं पोरगंही उद्याचा अंक सांगेल. मी दूधवाल्याला हे समजावून सांगितलं. तो ग्लास खाली ठेवत म्हणाला, “पाणी तं एकाच मापानं उतरते साहेब. पण तुमचं काई सांगता येत नाई.”

म्हणजे अनिश्चितता तळ्यात नव्हती.

मटक्याचा इतिहास मी नंतर काढला. त्याचं मूळ कापसात आहे, आणि हे वऱ्हाडातल्या माणसाला लागायला हवं, कारण खामगावची कापसाची पेठ एकेकाळी नावाजलेली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईला येत आणि त्यांवर सट्टा चाले. १९६१ मध्ये तो मार्ग बंद झाला, तेव्हा मडक्यातून चिठ्ठी काढायची युक्ती निघाली. म्हणजे न्यूयॉर्कची जागा मडक्याने घेतली आणि मडक्याची जागा मी.

हे कळल्यावर मी लगेच आकडा लिहिणं बंद केलं असेल असं तुम्हाला वाटेल. सौ.लाही वाटलं होतं. पण फळ्यापुढे उभी असलेली ती गर्दी! मी एवढंच ठरवलं की यापुढे अचूक वाचायचं, म्हणजे डाव आपोआप मरेल. नेमका त्याच आठवड्यात माझा ऑइल पेंट ओघळला. ११० मधल्या मधल्या एकाला पोट फुटून त्याचा नऊ झाला. भर जानेवारीत, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, आमचा तलाव एका रात्रीत ऐंशी सेंटीमीटरने वाढला. मी चष्मा लावून, काट्यांतून जाऊन, दोनदा वाचून तो आकडा लिहिला होता.

त्या दिवशी चढावर पैसे लावणारा अख्ख्या पंचक्रोशीत एकच माणूस निघाला: मला रंग विकणारा दुकानदार.

बाकीचे बुडाले, पण रागावले नाहीत. उलट माझ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहायला लागले. घाटाखाली भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, वर पापड, कुरडई, पुरी. दुसऱ्या पहाटे काय भिजलं, काय हललं ते पाहून पावसाचं, पिकांचं आणि राजाच्या गादीचं भाकीत सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी टीका करतात आणि लोक दरवर्षी गर्दी करतात. आता जळगाव जामोदकडच्या एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “तळं वाढलं ते कायचा संकेत हाय म्हणावं? तूर विकू का ठेवू?” मी म्हटलं, ठेवा. कशावरून म्हटलं ते विचारू नका. रकाना मोकळा दिसला.

फेब्रुवारीत जमादार आले. फळ्यासमोर मोटारसायकल उभी करून त्यांनी विचारलं, “हे अक्षर कोणाचं?”

“माझं,” मी म्हणालो. आवाजात जरा अभिमानच होता. अक्षराची चौकशी करायला खास माणूस येण्याची माझी पहिलीच वेळ.

त्यांनी जुगार प्रतिबंधक कायद्याची माहिती दिली. तो १८८७ चा आहे, म्हणजे आमच्या तळ्याहून कितीतरी जुना आणि अजून न गळलेला. मग पट्टी दाखवा म्हणाले. आम्ही बाभळीतून सांडव्यापाशी गेलो. त्यांनी वाचलं, मी वाचलं. दोघांच्या आकड्यांत जवळपास एक वीट बसेल एवढा फरक. ते बराच वेळ पट्टीकडे पाहत राहिले. इंच कुठे संपतात आणि सेंटीमीटर कुठे सुरू होतात ते मी त्यांना बोटाने दाखवलं. “साहेब,” ते शेवटी म्हणाले, “तुमच्यावर गुन्हा दाखल करायचा तर आधी मला हे कोर्टात समजावून सांगावं लागेल.” त्यांनी कॉलनीला तोंडी समज दिली, की पैसे दिसले तर उचलून नेईन, आणि पायातला काटा काढत गेले.

त्यावर विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. विषय एकच: पाणीपातळी वाचण्याची पद्धत. संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदा गणसंख्या पूर्ण झाली. सतरंज्या कमी पडल्या. बिनसभासद खिडकीतून पाहत होते. इतिवृत्त लिहिताना माझा हात थरथरला. दोन पानं उपस्थितांच्या सह्यांनीच भरली होती. लोणारवाले म्हणाले, आमच्याकडे शास्त्रज्ञ येऊन मोजतात. सिंदखेडचे गुरुजी म्हणाले, पट्टी नव्याने आखा आणि रोज दोन साक्षीदार न्या. ते मंजूर झालं. पैशांऐवजी कचोरीच्या प्लेटी लावाव्यात, अशी एक उपसूचना मागच्या रांगेतून आली, कोणाकडून ते मी मुद्दामच लिहिलं नाही. समितीचा तिच्याशी संबंध नाही असा शेरा मी मारला आणि तीही मंजूर झाली.

कोपऱ्यात एक आजी बसल्या होत्या. प्लॉट त्यांच्याच नावावर आहे, पण सभेला पहिल्यांदाच आलेल्या. “म्या त्या पाळीवर माती टाकली हाय,” त्या म्हणाल्या. “बहात्तरात. होळीले ते आटते. दरसाल आटते. मंग कायचा आकडा लावसान?” नव्या पट्टीला कोणता रंग द्यावा यावर तेव्हा चर्चा रंगात आली होती, त्यामुळे आजींकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. जाताना त्यांनी दूधवाल्याला थांबवून होळीनंतरच्या प्रत्येक दिवसावर शून्य लावलं. तो हसला आणि त्याने लिहून घेतलं.

साक्षीदार यायला लागले तसा आकडा सुधारला आणि गर्दी ओसरली. बरोबर आकडा बघायला माणूस वाट वाकडी करून कशाला येईल? होळीला तळ्यात स्टंप रोवले गेले. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं: ‘निरंक’. माहिती मागवली आणि माहिती नसली तर कार्यालयात हेच लिहितात; माझ्या हाताला तेच वळण. रोज तेच लिहीत गेलो.

आणि पेटलं. आजींचं म्हणणं, निरंक म्हणजे शून्य, कचोऱ्या आणा. इतरांचं म्हणणं, पाणी नाही तिथे पातळी नाही, पातळी नाही तिथे अंक नाही, सबब डाव रद्द. रोज एक दिवस वाढत होता आणि रोज प्लेटी वाढत होत्या. दोन्ही बाजू माझ्याकडे लेखी खुलासा मागू लागल्या. सचिवाने एकट्याने निर्णय द्यायचा नसतो म्हणून मी रीतसर सभेची नोटीस काढली. ती त्याच काळ्या चौकोनात, ‘निरंक’च्या खाली लावली.

निरंकच्या खाली कोण वाचतं? त्यात लग्नसराई. सभेच्या वेळी वीस सोडा, पाचही माणसं नव्हती. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली. अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी, मी, खजिनदार आणि आजी. आजी पहिल्या सभेलाही वेळेवर आल्या होत्या, फक्त पायरीवर बसून नोटिशीची खालची ओळ नातीकडून पुन्हा एकदा वाचून घेत होत्या.

‘निरंक म्हणजे शून्य समजण्यात यावे’ हा ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक आजी. अनुमोदकही त्याच व्हायला तयार होत्या, पण ते नियमात बसत नसल्याने खजिनदार.